साडेछत्तीस तासांचा गुरुवार: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, पूर्वेकडून

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर शोधलं की 13,500 किलोमीटर हा आकडा मिळतो. गोल पृथ्वीवर दोन बिंदूंमधून ताणलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेची ती लांबी. ही रेषा मुंबईहून जवळजवळ उत्तरेलाच निघते. हरियाणा, पंजाब, हिमाचलवरून लडाख, मग चीनचं तारीम खोरं, पुढे सायबेरिया. आर्क्टिक महासागरावर ती 76 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर चढते आणि अलास्का, युकॉनवरून खाली उतरते. प्रवासी विमानं या रेषेवरून सहसा जात नाहीत. तिबेट-काराकोरमच्या पट्ट्यात विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला काही मिनिटांत 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांच्या आसपास पुरतो. शिवाय 2022 पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. थोडक्यात, 13,500 हा आकडा नकाशाचा आहे, तिकिटाचा नाही.

तिकिटावर मिळतात ते वळसे. दुबईमार्गे 1,930 अधिक 13,040, म्हणजे जवळपास 15,000 किमी. फ्रँकफर्टमार्गे साधारण 15,700. हाँगकाँगमार्गे 15,400. सिंगापूरमार्गे 3,900 अधिक 13,600, म्हणजे 17,500. कागदावर सिंगापूर सगळ्यात लांबचं. तरी सिंगापूरमार्गे हवेत जाणारा वेळ फ्रँकफर्टमार्गाच्या जवळपास तेवढाच भरतो, कारण पॅसिफिकवरचा वारा पूर्वेला जाणाऱ्याला ढकलतो. परतताना तोच वारा तोंडावर येतो आणि हिशेब वसूल करतो. इथे तोच सिंगापूरचा मार्ग दिवसवार धरला आहे. वेळा नमुन्याच्या आहेत, वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. अमेरिकेची उन्हाळी वेळ धरली आहे. तेव्हा भारत सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेबारा तास पुढे असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेतेरा तासांचा होतो.

मंगळवार: सामान

अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण स्वस्त भाड्यात एकच असू शकते. तिकिटावर लिहिलेलं वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. प्रत्येक बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर. एक बॅग 26 किलोची आणि दुसरी 20 ची असेल तर बेरीज 46 असली तरी चालत नाही, मर्यादा दर बॅगेची असते. घरच्या वजनकाट्यावर 22 पर्यंतच भरा. काट्याकाट्यात फरक असतो आणि काउंटरसमोर बॅग उघडून मेतकुटाच्या पुड्या हलवायची हौस कोणाला नसते.

भाजणी, मेतकूट, मसाले, हळद हे सगळं मोठ्या बॅगेतच टाका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातसामानात 350 मिलिलिटरहून जास्त पूड असेल तर अमेरिकेला निघण्याआधीच्या शेवटच्या विमानतळावर ती उघडून तपासतात आणि काय आहे ते पटलं नाही तर ठेवून घेतात. लोणचं, तूप, चटणीचं तेल हेही तिथेच. हातसामानात द्रव आणि दाटसर पदार्थ 100 मिलिलिटरपर्यंतच. सुकं खोबरं मात्र मोठ्या बॅगेतही नको. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून भारतीय विमानतळांवर चेक-इन सामानात त्याला बंदी आहे. खोबऱ्याची वाटी स्कॅनरमध्ये दिसली की बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावतात आणि घाईच्या वेळी वीस मिनिटं जातात.

अमेरिकेच्या बाजूने बंदी आहे ती ताजा कढीपत्ता, ताजी फळं, बी-बियाणं, मांस आणि मांस असलेल्या पदार्थांना. हापूस रीतसर व्यापारी मार्गाने, विकिरणाची प्रक्रिया होऊन 2007 पासून अमेरिकेत जातो, पण म्हणून पिशवीतून नेलेला आंबा चालत नाही. लाडू, चकली, पापड, भाजके मसाले यांना सहसा अडचण येत नाही. अट एवढीच, की विचारलं तर खाद्यपदार्थ आहेत म्हणून सांगायचं. दंड बहुतेक वेळा पदार्थासाठी नसतो, तो लपवल्याबद्दल असतो.

पॉवर बँक हातसामानातच. 100 वॉट-तासांपर्यंत परवानगीची गरज नसते. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 74 वॉट-तास, तर 27,000 ची अगदी मर्यादेवर. काही कंपन्यांनी विमानात ती वापरायलाच बंदी केली आहे, त्यामुळे फोन सीटखालच्या सॉकेटवर चार्ज करायची वायर जवळ ठेवा.

बुधवार: पुण्याहून निघणं

पुणे ते मुंबईचं टर्मिनल 2 हे अंतर सुमारे 150 किमी. पहाटे तीन तासांत होतं, बुधवारी संध्याकाळी पाच लागू शकतात. विमान रात्री 11:40 चं असेल तर काउंटर 10:40 ला बंद होतो. रात्री आठला विमानतळावर असायचं तर दुपारी तीनला घर सोडा, पावसाळ्यात दोनला. घाटात एक कंटेनर आडवा झाला की हीच तासाभराची सवलत कामाला येते.

चेक-इनला पासपोर्ट, व्हिसा आणि अमेरिकेतला पूर्ण पत्ता झिप कोडसह लागतो. मुलाचा पत्ता फोनमध्ये आहे आणि फोन बंद पडला, ही गाठ नेहमीची आहे, कागदावर लिहून ठेवा. काउंटरवर दोन गोष्टी नक्की बघा: बॅगेच्या टॅगवर शेवटचं ठिकाण एसएफओ (सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचं लघुनाम) लिहिलं आहे ना, आणि हातात दोन बोर्डिंग पास आले ना. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर सिंगापूरला बॅग घ्यावी लागत नाही आणि विमानतळाच्या आतच राहणार असाल तर व्हिसाही लागत नाही. शे-दोनशे डॉलर वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली, तर बॅग घ्यायला सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, त्यासाठी व्हिसाचे नियम लागू होतात आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही. ज्येष्ठांसाठी तर असं तिकीट काढूच नये.

मुंबईहून उशीर होण्याचं एक कायमचं कारण आहे: तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पाऊस जोरात आला की उड्डाणांमधलं अंतर वाढतं आणि रांग लागते. त्यामुळे सिंगापूरला दीड तासाची जोड, म्हणजे दोन विमानांमधला वेळ, जून ते सप्टेंबरमध्ये अंगावर येऊ शकते. या महिन्यांत तीन-चार तासांची जोड घ्या.

गुरुवार, पहिला भाग: सिंगापूरपर्यंत

विमान सुटल्यावर वीस मिनिटांत गुरुवार लागतो. हा गुरुवार भारतीय मध्यरात्री सुरू होऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यरात्री संपणार आहे, म्हणजे साडेछत्तीस तास. गुरुवारचा उपवास असणाऱ्यांनी तो कोणत्या गावाच्या घड्याळाने सोडायचा हे निघण्याआधीच ठरवलेलं बरं.

विनोद सोडला तर औषधांचा प्रश्न खरा आहे. रोज सकाळी एक गोळी, हा नियम इथे फसतो. रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या तारखेऐवजी तासांवर मोजा, मागच्या गोळीनंतर 24 तास. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र स्वतः हिशेब करू नये. मुंबईची वेळ, सिंगापूरची वेळ, सॅन फ्रान्सिस्कोची वेळ आणि विमानातली जेवणं एका कागदावर मांडून तो डॉक्टरांकडून भरून घ्यावा. सगळी औषधं हातसामानात, प्रिस्क्रिप्शनसह, आणि बॅग हरवली तरी पुरतील इतकी.

पहिला टप्पा साडेपाच तासांचा. बंगालच्या उपसागरावर आणि विषुववृत्ताजवळ उंच ढगांमुळे विमान हलतं, पट्टा बांधूनच झोपा. चढल्यावर जेवण मिळतं, उतरायच्या आधी पुन्हा दिवे लागतात. हाताशी झोप उरते ती तीन तासांची. घरून जेवून आलात तर जेवण नाकारा आणि सरळ डोळे मिटा.

सिंगापूरच्या सकाळी 7:45 ला विमान लागतं. तेव्हा भारतात सव्वापाच वाजलेले असतात. पुढचं विमान 9:15 ला. टर्मिनल 1, 2 आणि 3 मध्ये आतूनच धावणारी छोटी गाडी आहे, बदल दहा मिनिटांत होतो. इथे नवख्यांची एक चूक होते. या टर्मिनलांमध्ये सामानाची तपासणी थेट गेटच्या तोंडाशी असते. गेटबाहेर बाटली भरून घेतलेली असली तरी तपासणीत ती रिकामी करावी लागते. अमेरिकेच्या विमानाला प्रश्न विचारणं, काही जणांची जास्तीची तपासणी, हेही तिथेच होतं. म्हणून सुटायच्या आधी तासभर तरी गेटवर हवं. दीड तासाच्या जोडीत खरेदीला वेळ नसतो.

गुरुवार, दुसरा भाग: पॅसिफिक

या मार्गावर आता एअरबस ए350 सारखी दोन इंजिनांची विमानं आहेत. उड्डाणाच्या वेळी वजन पावणेतीनशे टनांच्या आसपास, इंधन ताशी साधारण सहा टन, चार वैमानिक आळीपाळीने. सगळ्यात जवळची रेषा दक्षिण चीन समुद्र, ओकिनावाच्या जवळून आणि टोकियोच्या पूर्वेकडून उत्तर पॅसिफिकमध्ये 47 अंश उत्तरेपर्यंत चढते आणि मग कॅलिफोर्नियाकडे उतरते. प्रत्यक्ष मार्ग रोजच्या वाऱ्याच्या अंदाजावर ठरतो.

हिशेब सोपा आहे. अकरा किमी उंचीवर विमानाचा हवेतला वेग ताशी सुमारे 900 किमी. वारा शून्य असता तर 13,600 किमीला पंधरा तास सहा मिनिटं लागली असती. संपूर्ण मार्गावर सरासरी 60 किमीचा वारा पाठीशी मिळाला तर जमिनीवरचा वेग 960 होतो आणि चौदा तास दहा मिनिटं पुरतात. तोच वारा समोरून आला तर वेग 840 आणि सोळा तास अकरा मिनिटं. यात जमिनीवरचं फिरणं आणि चढ-उताराचा मंद वेग यासाठी पाऊण तास धरा. तिकिटावर जाताना सव्वापंधरा आणि येताना सतरा तास दिसतात, ते यामुळे. भर हिवाळ्यात जपानजवळच्या उंच झोतवाऱ्याचा वेग ताशी 250-300 किमीपर्यंत जातो. तेव्हा विमान वेळेआधी पोहोचतं, आणि हलतंही जास्त.

हवेतले तास वाटून घ्यायला हवेत. सुटताना सिंगापूरला 9:15 वाजलेले असतात, पण सॅन फ्रान्सिस्कोत आदल्या दिवशीची संध्याकाळ, 6:15. बसल्याबसल्या घड्याळ तिथल्या वेळेवर लावा. पहिलं जेवण झालं, एखादा सिनेमा झाला की चौथ्या तासाच्या सुमारास तिथे रात्रीचे दहा होतात. झोपायची वेळ ती. पूर्वेकडे जात असल्याने सूर्य भराभर मागे पडतो, सहा-सात तासांत अंधार होतो आणि रात्र सहा-सात तासांत उरकते. आदल्या रात्रीची झोप अर्धवट झालेली असते, त्यामुळे या टप्प्यात झोप लागते. पहिले चार तास झोपून पुढचे अकरा जागणारे सकाळी साडेनऊला पोहोचतात आणि पुढचा आख्खा दिवस त्यांना पेलत नाही.

केबिनमधला दाब नव्या विमानांत समुद्रसपाटीपासून साधारण 6,000 फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडा विरळ. हवा मात्र कळसूबाईपेक्षा किती तरी कोरडी, आर्द्रता दहा-वीस टक्के. नाक कोरडं पडतं ते त्यामुळे, पाय सुजतात ते बसून राहिल्याने. दर दोन तासांनी उठून गॅलीपर्यंत (विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत) चालून यायचं असेल तर आयल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची जागा घ्या. खिडकीतून पॅसिफिकवर बघण्यासारखं काही नसतं, ढग आणि पाणी. पायाच्या शिरांत गुठळी झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर दाब देणारे मोजे आणि औषध याबद्दल आधी विचारून घ्या. ढिले बूट घाला, उतरताना पाय आत जायला हवेत. शाकाहारी, जैन किंवा मधुमेहींचं जेवण किमान 24 तास आधी नोंदवावं लागतं. दोन जेवणांमध्ये सहा-सात तासांचं अंतर पडतं, तेव्हा जवळच्या दशम्या आणि लाडू उपयोगी पडतात.

मध्येच कधीतरी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. स्क्रीनवर 180 अंश रेखांश येतो आणि जातो. खाली मिडवे बेट, अलास्कातलं कोल्ड बे असे आणीबाणीचे विमानतळ ध्यानात ठेवूनच दोन इंजिनांच्या विमानाचा मार्ग आखलेला असतो.

गुरुवार, तिसरा भाग: सकाळी साडेनऊ

सुटलं तेव्हा 9:15, उतरलं तेव्हा 9:30, वार तोच. हिवाळी वेळेत तर निघालेल्या वेळेआधीच पोहोचल्यासारखं दिसतं, 8:30. घरातून कोणी न्यायला येणार असेल तर त्यांना तारीख लिहून कळवा. शुक्रवारी येतील असं गृहीत धरून हॉटेल किंवा टॅक्सी शुक्रवारची ठरवणारे दरवर्षी भेटतात. मुंबईच्या गेटपासून इथल्या गेटपर्यंत एकूण 22 तास 20 मिनिटं झाली, त्यात हवेत आणि धावपट्टीवर 20 तास 50 मिनिटं.

इमिग्रेशनला अर्धा ते दोन तास धरा. फोटो, बोटांचे ठसे, आणि कुठे, किती दिवस, कोणाकडे एवढेच प्रश्न. उत्तरं तेवढीच द्या. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या खेपेला किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-94 या नोंदीत असते आणि ऑनलाइन बघता येते. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच ती बघून ठेवा, मुक्काम त्या तारखेने मोजला जातो.

पुढे देशांतर्गत विमान असेल तर बॅगा इथे घेऊन कस्टम्समधून बाहेर काढून पुन्हा द्याव्या लागतात. किमान तीन तास ठेवा. उन्हाळ्यात इथे आणखी एक अडचण असते. समुद्रावरून येणारं सकाळचं धुकं खाली उतरलं की शेजारी-शेजारी दोन विमानं उतरवता येत नाहीत, कारण समांतर धावपट्ट्यांमध्ये अंतर फक्त 750 फूट आहे. उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते, आणि त्याचा पहिला फटका लांबून येणाऱ्यांना नाही, देशातल्या छोट्या उड्डाणांना बसतो. तुमचं वेळेवर येतं, पुढचं अडकतं.

शहरात जायला आंतरराष्ट्रीय टर्मिनललाच बार्टचं (तिथल्या मेट्रोचं) स्टेशन आहे, मध्यवस्तीत अर्ध्या तासात. सनीवेल, सांता क्लारा, सॅन होजेकडे जाणाऱ्यांनी जवळच्या मिलब्रे स्टेशनवर कॅलट्रेन ही लोकल धरायची. चार बॅगा असतील तर गाडीच बरी.

शुक्रवारपासून पुढे

साडेबारा तासांचा फरक म्हणजे शरीराचं घड्याळ बरोबर उलटं. मुंबईतली पहाटे चारची गाढ झोप इथे दुपारी साडेतीनला येते, आणि मुंबईतली दुपारच्या जेवणाची भूक रात्री साडेबाराला. घड्याळ दिवसाला साधारण एक तासाच्या हिशेबाने सरकतं, त्यामुळे पूर्ण बसायला बारा दिवसांच्या आसपास. पहिले तीन-चार दिवस दुपारी तीन ते पाच गाडी चालवू नका, महत्त्वाची भेट ठेवू नका, आणि सोफ्यावर बसू नका. तीनला बाहेर उजेडात चालायला जा. झोप अगदी आवरली नाही तर गजर लावून पंचवीस मिनिटं. रात्री दोनला जाग आली तर दिवे मंदच ठेवा आणि थोडं काही खा.

शनिवार रात्र ते सोमवार: परत

परतीचं विमान शनिवारी रात्री 10:30 ला. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +2 लिहिलेलं असतं, ते वाचायचं राहतं. सतरा तासांनी सिंगापूरला सोमवारची सकाळ, 6:30. विमान पश्चिमेकडे, म्हणजे रात्रीच्याच दिशेने पळतं, त्यामुळे बहुतेक सगळा प्रवास अंधारात होतो. रविवारचा सूर्य उगवलेला दिसतच नाही. दर रविवारी ड जीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्यांनी ती शनिवारी किंवा सोमवारी घ्यावी, त्या एका दिवसाने बिघडत नाही.

समोरच्या झोतवाऱ्याला टाळायला विमान कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला वळसा घालतं, म्हणजे अंतरही थोडं वाढतं. भरलेल्या विमानाला कडक समोरच्या वाऱ्याच्या दिवशी माल कमी घ्यावा लागतो, आणि क्वचित मागे राहणाऱ्या बॅगा या दिशेलाच जास्त. एक दिवसाचे कपडे हातसामानात असू द्या.

सिंगापूरहून आठला निघून मुंबईला सकाळी अकरा. सॅन फ्रान्सिस्कोपासून बरोबर 24 तास, जातानापेक्षा एक तास चाळीस मिनिटं जास्त. शरीराच्या लेखी रविवारची रात्र साडेदहा वाजलेली असते, म्हणून एक्स्प्रेसवेवर स्वतः गाडी हाकू नका, ड्रायव्हर सांगा. आणि ऑफिसची रजा लिहिताना सोमवार मोकळा धरून मंगळवारी हजर होतो असं लिहू नका. मंगळवारी पहाटे तीनला जाग येते आणि दुपारी मीटिंगमध्ये मान पडते. बुधवार लिहा.